लॅपटॉपमधला ४०७० आणि डेस्कटॉपमधला ४०७० एक नव्हेत

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

वास्तुरचना, अॅनिमेशन आणि अभियांत्रिकीच्या नव्या विद्यार्थ्यांनी कोणता संगणक घ्यावा, याविषयी आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. लेख तळमळीने लिहिलेला आहे आणि स्क्रीन, रॅम, एसएसडी यांविषयीचा त्यातला सल्ला मला पूर्णपणे पटला. मात्र ग्राफिक्स कार्डाविषयी, म्हणजे संगणकात चित्रे तयार करणाऱ्या भागाविषयी, त्यात एक विधान असे आहे, की ज्याच्या भरवशावर यंदा कितीतरी घरांतून लाख-दीड लाख रुपये बाहेर पडतील. कार्ड आरटीएक्स ४०७० असले म्हणजे झाले, मग ते डेस्कटॉपमध्ये घ्या किंवा लॅपटॉपमध्ये, काम तेवढेच मिळते, असा त्या विधानाचा आशय आहे. ही माहिती चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे सविस्तर सांगण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे, पण आकडे दिल्याशिवाय हा विषय कळत नाही.

मी अकोल्यात गेली बावीस वर्षे वास्तुरचनाकार म्हणून व्यवसाय करते. आमच्या कार्यालयात इमारतींची चित्रे रेंडर करण्यासाठी, म्हणजे त्रिमिती आराखड्यावरून तयार चित्र काढण्यासाठी, असेंबल करून घेतलेला एक डेस्कटॉप आहे आणि त्यात ४०७० क्रमांकाचे कार्ड आहे. माझी भाची वास्तुरचनेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या लॅपटॉपच्या खोक्यावर आणि दुकानदाराने दिलेल्या पावतीवरही ४०७० हाच आकडा आहे. गेल्या महिन्यात ज्युरीच्या (परीक्षकांसमोर काम मांडण्याच्या दिवसाच्या) आदल्या रात्री ती लॅपटॉप घेऊन कार्यालयात आली, कारण तिच्या वाचनालयाच्या आराखड्याचे व्ह्यू वेळेत पूर्ण होत नव्हते. दोन्ही यंत्रे एकाच टेबलावर ठेवून आम्ही ब्लेंडर या त्रिमिती सॉफ्टवेअरमधली तीच फाइल, तोच आकार आणि तेवढेच सॅम्पल (चित्र किती बारकाईने काढायचे याचे माप) ठेवून एकदमच रेंडरला लावली. डेस्कटॉपने चित्र अकरा मिनिटांत हातात दिले. तेव्हा लॅपटॉपवर अंगणाचा भाग अजून दाणेदारच दिसत होता, आणि तो पूर्ण व्हायला वीस मिनिटे लागली. कार्ड किती वीज घेत आहे हे दाखवणारी छोटी खिडकी आम्ही दोन्हीकडे उघडी ठेवली होती. डेस्कटॉपवर आकडा १९० वॅटच्या आसपास स्थिर होता आणि तापमान ६५ अंशांच्या आत होते. लॅपटॉपवर तो १०५ पासून सुरू झाला, तापमान ८६ अंशांवर पोहोचले तसा ऐंशीच्या घरात उतरला आणि तिथेच राहिला. पंख्यांचा आवाज इतका होता की आम्हाला मोठ्याने बोलावे लागत होते. ‘‘मावशी, दोन्हीकडे ४०७०च आहे ना? मग माझाच का मागे पडतो?’’ असे तिने विचारले. तिचा लॅपटॉप बिघडलेला नव्हता, कोणी तिला नकली मालही दिलेला नव्हता. तिच्या लॅपटॉपमध्ये बसवलेली चिपच मुळात वेगळी होती, आणि ही गोष्ट खरेदीच्या वेळी तिला किंवा तिच्या वडिलांना कोणीही सांगितली नव्हती.

या चिप ज्यांच्या आहेत त्या एनव्हिडिया कंपनीने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या माहितीवरून हा फरक कोणालाही पडताळून पाहता येतो. डेस्कटॉपसाठीच्या आरटीएक्स ४०७० मध्ये एडी १०४ ही चिप आहे. तिच्यावर ५८८८ कोअर (एकाच वेळी हिशेब करणारे छोटे घटक) चालू असतात, सोबत १२ जीबी व्हिडिओ मेमरी असते आणि कार्डाला २०० वॅटपर्यंत वीज मिळते. लॅपटॉपसाठीच्या ४०७० मध्ये एडी १०६ ही लहान चिप आहे. तिथे कोअर ४६०८, मेमरी ८ जीबी, आणि वीज ३५ ते ११५ वॅट यांच्या दरम्यान, लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवील तेवढी. मेमरीपर्यंतची वाट डेस्कटॉपमध्ये १९२ बिटांची आहे आणि लॅपटॉपमध्ये १२८ बिटांची, शिवाय मेमरीचा प्रकारही संथ आहे. त्यामुळे एका सेकंदात डेस्कटॉपचे कार्ड मेमरीशी ५०४ जीबीची देवाणघेवाण करू शकते, तर लॅपटॉपचे सुमारे २५६ जीबीची, म्हणजे जवळपास निम्मी. विशेष म्हणजे एडी १०६ हीच चिप डेस्कटॉपच्या बाजारात ४०६० टीआय या नावाच्या कार्डात विकली गेली. म्हणजे भाचीच्या लॅपटॉपमधले कार्ड खऱ्या अर्थाने आमच्या डेस्कटॉपच्या ४०७०चे भावंड नसून एक पायरी खालच्या ४०६० टीआयचे भावंड आहे.

हा प्रकार एकाच क्रमांकापुरता नाही. त्याच मालिकेत सर्वांत वर असलेल्या ४०९० कडे पाहावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये डेस्कटॉपसाठी आलेल्या ४०९० मध्ये १६,३८४ कोअर, २४ जीबी मेमरी आणि ४५० वॅटची तरतूद होती. २०२३ च्या सुरुवातीला त्याच नावाने लॅपटॉपमध्ये आलेल्या कार्डात ९७२८ कोअर आणि १६ जीबी मेमरी होती, आणि विजेची मूळ मर्यादा १५० वॅट होती. डेस्कटॉपच्या ४०८० मध्येही नेमके ९७२८ कोअर आणि १६ जीबीच मेमरी आहे. लॅपटॉपचे ४०९० हे त्या ४०८०च्याच चिपवर बेतलेले आहे, फक्त त्याला मिळणारी वीज निम्म्याहून कमी आहे. २०२५ मध्ये आलेल्या नव्या मालिकेतही हीच रीत चालू राहिली. डेस्कटॉपच्या ५०९० मध्ये २१,७६० कोअर आणि ३२ जीबी मेमरी, तर लॅपटॉपच्या ५०९० मध्ये १०,४९६ कोअर आणि २४ जीबी. डेस्कटॉपच्या ५०७० मध्ये ६१४४ कोअर आणि १२ जीबी, तर लॅपटॉपच्या ५०७० मध्ये पुन्हा ४६०८ कोअर आणि ८ जीबीच. यंदा दुकानांत ५०७०च्याच जाहिराती अधिक दिसतील, म्हणून हे मुद्दाम नोंदवते.

लॅपटॉप बनवणाऱ्या अभियंत्यांवर माझा रोख नाही. चिपला लागणारी वीज तिच्या वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावे लागते. म्हणून शेवटचा थोडासा वेग मिळवण्यासाठी खूप जास्त वीज मोजावी लागते, आणि उलट बाजूने पाहिले तर थोडा वेग सोडला की वीज पुष्कळ वाचते. या नियमाचा फायदा घेऊनच लॅपटॉपमधले ४०९० तिसऱ्या हिश्श्याच्या विजेवरही डेस्कटॉपच्या ४०९०च्या निम्म्याहून अधिक काम करते, आणि हे काम मला मनापासून कौतुकास्पद वाटते. डेस्कटॉपच्या कार्डावर वीतभर लांबीचा धातूचा हीटसिंक (उष्णता शोषून हवेत सोडणारा भाग) आणि दोन-तीन मोठे पंखे असतात, त्याभोवती मोकळ्या हवेचे कॅबिनेट असते. लॅपटॉपमध्ये हीच उष्णता दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या सांगाड्यातून, प्रोसेसरच्या उष्णतेबरोबर बऱ्याचदा एकाच हीट पाइपवरून (उष्णता वाहून नेणाऱ्या नळीवरून), तळहातापेक्षा लहान पंख्यांनी बाहेर काढायची असते. तिथे २०० वॅटचे कार्ड बसवता येणार नाही, हे उघड आहे. माझी हरकत चिप लहान असण्याला नाही, तिला मोठ्या चिपचे नाव देण्याला आहे.

विदर्भात आणि खानदेशात राहणाऱ्यांना याची आणखी एक झळ सोसावी लागते. लॅपटॉपमधले ग्राफिक्स कार्ड साधारण ८७ अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ दिले जात नाही, ते त्या जवळ आले की वेग आपोआप कमी होतो. किती उष्णता बाहेर टाकता येईल, हे चिप आणि खोलीतली हवा यांच्या तापमानातल्या अंतरावर अवलंबून असते. खोली २५ अंशांवर असेल तर हे अंतर ६२ अंशांचे असते. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी खोलीतच ४० अंश असतात, तेव्हा ते ४७ अंशांवर येते. तोच पंखा आणि तोच हीटसिंक त्याच वेगाने चालत असताना ढोबळ हिशेबाने पाव हिस्सा उष्णता कमी बाहेर जाते, आणि तेवढी वीज कार्डाला सोडून द्यावी लागते. थंड, वातानुकूलित खोलीत मोजलेले आकडे वाचून घेतलेला लॅपटॉप अकोल्यात, जळगावात किंवा चंद्रपुरात वसतिगृहाच्या पत्र्याच्या खोलीत तसा चालत नाही. आमच्या भागात कापसाचा बारीक तंतू हवेत असतो. मी भाचीच्या लॅपटॉपचे खालचे झाकण उघडून पाहिले, तेव्हा पंख्याच्या तोंडाशी त्या तंतूचा नमद्यासारखा थर जमलेला होता. तो मऊ ब्रशने काढल्यावर तापमान चार-पाच अंशांनी उतरले. ज्यांच्या घरी असा लॅपटॉप आहे त्यांनी वर्षातून दोनदा तरी तो साफ करून घ्यावा, हे विषयाच्या कडेचे असले तरी सांगावेसे वाटते.

वेगातला फरक एक वेळ सोसता येतो. वीस मिनिटांच्या जागी अकरा मिनिटे लागली असती एवढेच. मेमरीतला फरक मात्र सोसता येत नाही, कारण तिथे काम हळू होत नाही, बऱ्याचदा ते होतच नाही. त्याच रात्री वाचनालयाच्या छोट्या दृश्यानंतर आम्ही संपूर्ण परिसराचे दृश्य उघडले. त्यात कडुनिंबाची झाडे होती, गवत होते, विटांच्या भिंती, फरशी, काच असे वीस-बावीस पोत, म्हणजे पृष्ठभागांवर चढवायचे नमुने, होते. विद्यार्थी हे पोत हमखास ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलचे घेतात, कारण तेच ‘फोर के’ म्हणून मिळतात. अशी एक प्रतिमा मेमरीत उलगडली की ती ६४ एमबी जागा घेते. एका पोताला रंग, खडबडीतपणा, उंचसखलपणा वगैरे मिळून चार प्रतिमा लागल्या तर २५६ एमबी, आणि वीस पोतांना ५ जीबी. त्यावर झाडांची भूमिती, रेंडरला लागणारी कामचलाऊ जागा आणि विंडोजच्या स्क्रीनचा वाटा धरला की ८ जीबी पुरत नाही. भाचीच्या लॅपटॉपवर मेमरी संपल्याची सूचना आली आणि रेंडर थांबले. तीच फाइल आमच्या १२ जीबीच्या कार्डावर कोणताही बदल न करता पूर्ण झाली. तिला तिचे काम वाचवण्यासाठी निम्म्या पोतांचा आकार अर्धा करावा लागला असता, आणि ज्युरीच्या आदल्या रात्री दीड वाजता ते करत बसणे म्हणजे काय असते, हे ज्यांनी ही शाखा शिकली आहे त्यांना माहीत आहे. हल्ली संगणक अभियांत्रिकीचे विद्यार्थी भाषा-मॉडेल, म्हणजे प्रश्नांना उत्तरे लिहिणारे एआय, स्वतःच्या यंत्रावर चालवून पाहतात, त्यांनाही नेमकी याच जागी अडचण येते. मॉडेल मेमरीत मावले तर चालते, मावले नाही तर प्रोसेसरच्या संथ मेमरीवर रांगत राहते.

यातून खरेदीचा एक मोठा प्रश्न उभा राहतो आणि आपल्या लेखात नेमका त्याचाच उल्लेख नाही. डेस्कटॉपच्या बाजारात ४०६० सोडून ४०७० घेतले की कोअर ३०७२ वरून ५८८८ वर जातात आणि मेमरी ८ वरून १२ जीबी होते. तिथे जास्तीच्या पैशांचे काहीतरी हातात पडते. लॅपटॉपच्या बाजारात ४०६० सोडून ४०७० घेतले तर कोअर ३०७२ वरून ४६०८ होतात खरे, पण मेमरी दोन्हीकडे ८ जीबीच राहते, मेमरीची वाट दोन्हीकडे १२८ बिटांचीच राहते आणि विजेची वरची मर्यादाही ११५ वॅटच राहते. वाढलेले कोअर तेवढ्याच विजेत वाटून घ्यावे लागतात, म्हणून प्रत्यक्ष वेग कोअरच्या प्रमाणात वाढत नाही. जे दृश्य ४०६०च्या लॅपटॉपवर मेमरीअभावी अडते, ते ४०७०च्या लॅपटॉपवरही अडते. तरीही या दोन लॅपटॉपच्या किमतींत बऱ्याचदा वीस-तीस हजारांचे अंतर असते, आणि पालक ते अंतर डेस्कटॉपच्या कार्डांची ख्याती ऐकून मोजतात. भाचीच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या मेहुण्यांनी, ते मोजले. ते शिक्षक आहेत आणि त्यांनी खरेदीपूर्वी चार ठिकाणी चौकशी केली होती. सगळीकडे त्यांना ४०७०विषयी जे सांगितले गेले ते खरेच होते, फक्त ते डेस्कटॉपच्या कार्डाविषयीचे होते.

४०६०ची गोष्ट आणखी वेगळी आहे आणि ती सांगितल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. या एका क्रमांकात डेस्कटॉप आणि लॅपटॉप दोन्हीकडे चिप एकच आहे, एडी १०७. कोअर दोन्हीकडे ३०७२, मेमरी दोन्हीकडे ८ जीबी. डेस्कटॉपच्या कार्डाची मर्यादा ११५ वॅट आहे आणि लॅपटॉपलाही तेवढी देता येते. पूर्ण विजेवर चालणाऱ्या लॅपटॉपमधले ४०६० डेस्कटॉपच्या ४०६०च्या बऱ्यापैकी जवळ जाते. मात्र ‘देता येते’ आणि ‘दिलेली असते’ यांत अंतर आहे. कंपनीने लॅपटॉपच्या ४०६०साठी दिलेली मर्यादा ३५ वॅटपासून सुरू होते आणि चिपचा जाहीर वेगही त्यानुसार १४७० ते २३७० मेगाहर्ट्झ असा पसरलेला आहे. सडपातळ, हलक्या लॅपटॉपमध्ये तीच चिप ४५ किंवा ६० वॅटवर बांधलेली असू शकते आणि जाडजूड लॅपटॉपमध्ये ११५ वर, तरी दोन्ही खोक्यांवर ४०६०च लिहिलेले असते. त्यामुळे ६० वॅटवर बांधलेल्या ४०७०ला ११५ वॅटचे ४०६० गाठते, क्वचित मागेही टाकते. क्रमांक मोठा म्हणजे वेग जास्त, एवढा साधा निष्कर्षही ग्राहकाला खात्रीने काढता येत नाही. काही जाहिरातींत १४० वॅट असा आकडा दिसतो. तो ११५ अधिक २५ असा असतो. प्रोसेसर रिकामा असेल तेव्हा त्याच्या वाट्याची वीज तात्पुरती ग्राफिक्सकडे वळवण्याची सोय त्यात मोजलेली असते, आणि प्रोसेसरलाही काम असेल तेव्हा ती मिळत नाही.

हे नेहमीच असे होते असेही नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी लॅपटॉपच्या कार्डापुढे ‘एम’ हे अक्षर असे. जीटीएक्स ९८० मध्ये २०४८ कोअर होते आणि जीटीएक्स ९८०एम मध्ये १५३६. अक्षर पाहिले की ग्राहकाला कळत असे की हे दुसरे आहे. २०१६ च्या मालिकेत कंपनीने हे अक्षर काढून टाकले, आणि त्या वेळी ते काढण्याला आधार होता, कारण जीटीएक्स १०८० मध्ये दोन्हीकडे २५६० कोअर होते आणि १०७० मध्ये तर लॅपटॉपला २०४८ तर डेस्कटॉपला १९२० कोअर दिले होते. मी स्वतः त्या काळात घेतलेला १०७०चा लॅपटॉप वजनाने वीटच होता, पण तो नावाला जागत असे. पुढे २०१७ मध्ये कमी विजेवर चालणाऱ्या कार्डांना ‘मॅक्स-क्यू’ अशी खूण आली. २०२१ मध्ये लॅपटॉपमध्ये आलेल्या मालिकेपासून कार्डाच्या नावातली ही खूणही गेली आणि त्याच मालिकेत चिपही वेगळ्या झाल्या: आरटीएक्स ३०८० मध्ये डेस्कटॉपला ८७०४ कोअर, लॅपटॉपला ६१४४. नाव एक ठेवण्याला जो आधार होता तो संपला, नाव मात्र तसेच राहिले. कंपनीच्या कागदपत्रांत ‘४०७० लॅपटॉप जीपीयू’ असे पूर्ण नाव आहे (जीपीयू म्हणजे ग्राफिक्सची चिप), हे मी मान्य करते. परंतु दुकानातल्या पाटीवर, संकेतस्थळावरच्या मथळ्यात आणि वर्तमानपत्रातल्या पानभर जाहिरातीत शेवटचे दोन शब्द गळून पडतात. एनव्हिडियाची स्पर्धक एएमडी हिने आपल्या लॅपटॉपच्या कार्डांना आरएक्स ७९००एम, आरएक्स ७६००एस अशी अक्षरे ठेवली आहेत. तेवढ्याने सगळी माहिती मिळत नाही, पण निदान ग्राहक थांबून विचारतो तरी.

बॅटरीविषयी थोडक्यात सांगते. विमानात सहज नेता यावा म्हणून लॅपटॉपची बॅटरी १०० वॅट-तासांच्या आत ठेवलेली असते. शंभर वॅटचे कार्ड आणि त्यावर प्रोसेसर तिच्यावर तासभरही चालणार नाहीत, म्हणून प्लग काढताच कार्डाची वीज मोठ्या प्रमाणात कापली जाते. कॉलेजच्या वर्गात प्लगची जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याच्या हातात ४०७०च्या किमतीचे, पण त्याच्या कितीतरी कमी वेगाचे यंत्र असते. सोबत दिलेले जड अॅडॉप्टर घरी ठेवून मोबाइलच्या टाइप-सी चार्जरवर काम भागवणाऱ्यांचीही हीच गत होते. भारनियमनात लॅपटॉप बंद पडत नाही आणि केलेले काम जात नाही, ही त्याची मोठी सोय आहे आणि आमच्या भागात ती दुर्लक्षण्यासारखी नाही. डेस्कटॉपला यूपीएस लागतोच.

विद्यार्थ्यांनी लॅपटॉप घेऊ नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. वसतिगृहात राहणाऱ्या, स्टुडिओत बसून काम करणाऱ्या आणि सुटीत गावी जाणाऱ्या मुलाला लॅपटॉपच लागतो. माझे म्हणणे असे आहे की त्याने तो काय आहे हे जाणून घ्यावा. वास्तुरचनेच्या विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षे रेखाटन आणि साध्या त्रिमितीसाठी ११५ वॅटचे ४०६० पुरून उरते. वाचलेल्या पैशांत रॅम वाढवावी, चांगला मॉनिटर घ्यावा. ज्याला मोठी दृश्ये रेंडर करायचीच आहेत त्याने १२ जीबी किंवा अधिक मेमरीचे कार्ड असलेला लॅपटॉप पाहावा, किंवा दोन-तीन मित्रांनी मिळून खोलीवर एक डेस्कटॉप ठेवावा. डेस्कटॉपचे कार्ड चार वर्षांनी बदलता येते, लॅपटॉपचे बोर्डावरच डाग देऊन बसवलेले असते आणि ते यंत्राच्या अखेरपर्यंत तेच राहते.

ज्या महाविद्यालयांच्या प्रवेशपत्रिकेबरोबर संगणकाच्या किमान अपेक्षांची यादी दिली जाते, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी यादीत केवळ क्रमांक लिहू नये. भाचीच्या महाविद्यालयाच्या यादीत ‘आरटीएक्स ४०६० किंवा त्यावरील’ एवढेच होते. तिथे ‘लॅपटॉपमध्ये, किमान १०० वॅट, किमान ८ जीबी व्हिडिओ मेमरी’ असे लिहिले असते तर तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची खरेदी वेगळी झाली असती. दुकानदारांना विनंती आहे की डेमोसाठी ठेवलेल्या लॅपटॉपवर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधली सिस्टम इन्फर्मेशनची खिडकी ग्राहकाला उघडून दाखवावी. कार्डाला जास्तीत जास्त किती वीज दिली आहे हे तिथे वॅटमध्ये लिहिलेले असते आणि ते पाहायला अर्धे मिनिट लागते. दुकानदाराने दाखवले नाही तर ग्राहकाने स्वतः मागावे, आणि पावतीवर वॅटचा आकडा लिहून घ्यावा.

फ्रिज आणि एसी घेताना ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या लेबलावर वर्षाला किती युनिट लागतील हे छापलेले असते, आणि आज कोणीही ते पाहिल्याशिवाय एसी घेत नाही. ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपच्या खोक्यावर आणि जाहिरातीत वॅट आणि व्हिडिओ मेमरी ठळक छापण्याची सक्ती करायला तांत्रिक अडचण काहीही नाही, कारण हे आकडे बनवणाऱ्याकडे आधीपासूनच असतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची जी व्याख्या आहे, तिच्यात महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे याचाही समावेश आहे. एका नावाखाली ३५ वॅट आणि ११५ वॅट विकले जात असताना तो आकडा न छापणे या व्याख्येत बसते का, याचा विचार ग्राहक पंचायतीने आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने करावा, अशी माझी मागणी आहे.

आपल्याकडे माझी मागणी लहान आहे. प्रवेशाच्या फेऱ्या संपून खरेदी सुरू होण्याआधी, पुरवणीच्या त्याच पानावर, त्या लेखाची दुरुस्ती छापावी आणि तिच्यात पुढील दोन ओळी शब्दशः द्याव्यात. आरटीएक्स ४०७० डेस्कटॉप: ५८८८ कोअर, १२ जीबी, २०० वॅट. आरटीएक्स ४०७० लॅपटॉप: ४६०८ कोअर, ८ जीबी, ३५ ते ११५ वॅट.

आपली नम्र,
एक वास्तुरचनाकार वाचक,
अकोला